होम्सच्या टेबलावर पहिल्यांदा बसताना

जुन्या अमेरिकी मासिकांतले गप्पावजा विनोदी निबंध वाचायचे असतील, तर ऑलिव्हर वेंडेल होम्सचं ‘द ऑटोक्रॅट ऑफ द ब्रेकफास्ट-टेबल’ आधी घ्या. बोस्टनच्या ‘अटलांटिक मंथली’त नोव्हेंबर १८५७च्या पहिल्याच अंकापासून ते येऊ लागलं, १८५८मध्ये त्याचं पुस्तक झालं.

सलग वाचू नका. बोर्डिंग हाउसमधल्या, म्हणजे पैसे देऊन राहण्या-जेवण्याच्या घरातल्या, या गप्पा महिन्याच्या महिन्याला छापल्या जात. एका बैठकीला एक हप्ता पुरे. आणि नुसतं बोलणाऱ्याकडे कान देऊ नका, टेबलाभोवतीची माणसंही बघा. जॉन आणि थॉमस बोलतात तेव्हा खरं तर सहा जण हजर असतात, असं हा बोलणारा, म्हणजे ‘ऑटोक्रॅट’, मांडतो: खरा जॉन, जॉनच्या मनातला जॉन, थॉमसच्या मनातला जॉन, आणि तसेच तीन थॉमस. तेवढ्यात शेजारचा जॉन नावाचाच तरुण टोपलीत उरलेले तिन्ही पीच उचलतो, प्रत्येक जॉनला एकेक! चिंतन आणि थट्टा एका दमात, हे मला या लेखनाचं सगळ्यात मोठं बळ वाटतं.

मधल्या कविता गाळू नका, ‘द चेंबर्ड नॉटिलस’ तर मुळीच नाही. लॅटिन अडलं तर खुशाल पुढे जा. टेबलावरच्या शाळेच्या बाई बोलू लागल्या की मात्र सावकाश वाचा.