गोळी घेतली का, एवढेच विचारता?

न्यू जर्सीहून पत्र लिहिणारे दादा, तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत. त्यांतील पहिल्यालाच मी बहुतेक जागा देणार आहे, कारण तो माझ्याही घरचा आहे.

तुम्ही लिहिता, 'आर्वीजवळच्या गावी माझा 39 वर्षांचा धाकटा भाऊ आईसोबत राहतो. लहानपणापासून मिरगी आहे. आम्ही त्याला काही कमी पडू देत नाही, शेतातही पाठवत नाही, तरी तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. मी दर रविवारी दुपारी एकला न चुकता फोन करतो.'

या चार ओळींत तुमची माया दिसते आणि भावाच्या दुखण्याचे अर्धे कारणही दिसते. शेतात नाही, लग्नात नाही, पानठेल्यावरही नाही, मग त्या माणसाने जावे तरी कुठे?

माझे धाकटे काका असेच होते. त्यांना फीट आली की कुणी जोडा हुंगवायचे, कुणी दातांत चमचा घालायचे. (दोन्ही चूक. रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, घड्याळ पाहावे आणि पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर दवाखाना गाठावा.) पण त्यांना खरे दुखावले ते आम्ही घरच्यांनी. 1996 साली माझ्या लग्नात पाहुण्यांदेखत काही होऊ नये म्हणून त्यांना तीन दिवस मागच्या खोलीत ठेवले होते. जेवणाचे ताट मात्र वेळेवर जात होते आणि मी नवरी म्हणून गप्प होते. पुढे कापसाच्या वेचणीत शेजारच्या शेतकऱ्याने त्यांच्या हाती काटा आणि वही दिली. बायांनी वेचलेला कापूस मोजायचा आणि किलोमागे मजुरी मांडायची, हे त्यांचे काम ठरले. फीट त्यानंतरही यायची, पण शुद्धीवर येताच ते आधी वही शोधायचे.

म्हणून सांगते, धोका असेल तिथेच अडवा. विहिरीचा काठ, ट्रॅक्टर, मोटारसायकल, एकट्याने पोहणे आणि पिकाची जागल त्याला नकोच; झोपमोड झाली की फीट ओढवते. आता रागावू नका, पण हिवाळ्यात तुमची दुपारची एकची वेळ म्हणजे गावी रात्रीचे साडेअकरा! सकाळी आठला फोन करा, तेव्हा तिकडे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. 'गोळी घेतली का, फीट आली का' ही हजेरी आईकडून घ्या. भावाला सोयाबीनचा भाव विचारा, तूर कशी आहे ते विचारा आणि तुमच्या वाट्याच्या शेताचा हिशेब त्याच्याकडे सोपवा. तुकडोजी महाराजांच्या मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाशी नाते सांगणारी सामुदायिक प्रार्थना गावात होत असेल, तर तिथे त्याला रोज जाऊ द्या.

गोळी बदलल्यापासून तो चिडतो, असेही तुम्ही ओझरते लिहिले आहे. अपस्मार म्हणजेच मिरगी असलेल्यांत नैराश्य इतरांपेक्षा अधिक आढळते, आणि लेव्हेटिरासिटामसारख्या काही औषधांनी चिडचिड व उदासी वाढू शकते. हे डॉक्टरांच्या कानावर घाला, परंतु गोळी परस्पर बंद करू नका. अचानक थांबवल्यास न थांबणारे झटके येऊ शकतात. तो मरणाची भाषा बोलू लागला, तर आईने किंवा शेजाऱ्यांनी त्याला एकटे न सोडता लगेच दवाखान्यात न्यावे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येते.

त्याच्या लग्नाचे विचारता. अपस्मार हा हिंदू विवाह कायद्यातील अडसर 1999 सालीच काढला गेला आहे. आजार लपवू नका आणि आधी त्याची इच्छा विचारा.

राहिला तुमच्या मुलांच्या मराठीचा प्रश्न. रविवारी सकाळी फोन त्यांच्या हाती द्या आणि काकाशी बोलू द्या. वऱ्हाडी वळणाची येईल, पण येईल.