टीव्ही झकास, नेट मात्र संध्याकाळी गायब

प्रश्न: सर, मी राजारामपुरीत केबल लाइनवर काम करतो. एका अपार्टमेंटमध्ये टीव्ही एकदम क्लिअर दिसतोय पण संध्याकाळ झाली की मोडेम सारखे ऑफलाइन जातात. मोडेमवर लेव्हल (सिग्नलची ताकद) 0 डीबीएमव्ही, म्हणजे बरोबरच आहे ना? मग काय बघू?

उत्तर: लेव्हल चांगलीच आहे, पण ती येणाऱ्या सिग्नलची झाली. टीव्हीला तेवढंच लागतं, मोडेमला परत पण बोलावं लागतं आणि ते खालच्या बँडमध्ये, साधारण 5 ते 65 मेगाहर्ट्झ, जिथं मोटर, ड्रिल, खराब चार्जर सगळ्यांचा नॉइज (नको असलेला विजेचा गोंगाट) घुसतो आणि प्रत्येक घरातला नॉइज नोडवर (सगळ्या केबल जिथं येऊन मिळतात तो डबा) जाऊन एकत्र होतो, त्यामुळं एका घरातला ढिला कनेक्टर सगळ्या बिल्डिंगला नडतो. मोडेमची ट्रान्समिट पॉवर, म्हणजे परत पाठवायची ताकद बघा, 50 डीबीएमव्हीच्या वर असेल तर वाटेत लॉस जास्त आहे. टू-वे स्प्लिटर (एका केबलचे दोन फाटे करणारा) एकटाच साधारण 3.5 डीबी खातो, उगाच लावलेले काढा. मोकळ्या पोर्टला 75 ओहमचा टर्मिनेटर (पोर्ट बंद करणारी टोपी) लावाच, हे आपल्याकडं कुणी करत नाही आणि खरा त्रास तिथंच असतो. मग संध्याकाळीच मीटर लावून एकेक ड्रॉप (घरात जाणारी केबल) काढत जा, जो काढल्यावर नॉइज कमी होईल ते घर पकडा. गच्चीवरचे पावसात गंजलेले कनेक्टर सरळ बदलून टाका.