‘निकष पूर्ण झाले नाहीत’ म्हणजे बाळ धोक्यात आहे का?

प्रश्न : माझ्या सुनेला आठवा महिना सरत आला आहे. बाळाची हालचाल मंदावल्याने तिला बेळगावला नेले असता पोटाला पट्टे बांधून तासभर एनएसटी (बाळाच्या हृदयाच्या ठोक्यांची नोंद) काढली. संगणकाच्या कागदावर ‘निकष पूर्ण झाले नाहीत’ असा इंग्रजी शेरा आला. तरीही डॉक्टरांनी सोनोग्राफी करून घरी पाठवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलावले. यंत्र खरे मानावे की डॉक्टर?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : हा शेरा म्हणजे निदान नव्हे. असा शेरा बहुधा ऑक्सफर्डच्या जेफ्री डॉज व ख्रिस्तोफर रेडमन यांनी घडवलेल्या पद्धतीत येतो. बाळ सुस्थितीत असल्याची ग्वाही देता येते का, एवढेच ती पाहते. ग्वाही लवकरात लवकर दहा मिनिटांत मिळते, आणि साठ मिनिटांतही न मिळाल्यास पुढील तपासणी डॉक्टरांवर सोपवली जाते. आपल्याकडे नेमके तेच झाले.

बाळाच्या हृदयाचे मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारण मानतात; परंतु संगणकाचा खरा उपयोग डोळ्यांना न दिसणारे मोजण्यात आहे. तो प्रत्येक मिनिटाचे सोळा भाग करतो, प्रत्येक भागातील दोन ठोक्यांमधले सरासरी अंतर काढतो आणि लगतच्या भागांत ते किती बदलते हे मिलिसेकंदांत सांगतो. हा बदल तीन मिलिसेकंदांहून कमी असेल, तर ती गंभीर बाब ठरते. गाढ झोपेतील बाळाचे ठोकेही बराच वेळ एकसुरी राहतात, म्हणूनच तासभर थांबावे लागते. शिवाय पट्टा सरकला की नोंद तुटते, आणि कधी यंत्र आईचीच नाडी बाळाची म्हणून मोजते. तेव्हा परिचारिकेने आईचे मनगट धरून खात्री करणे कोणत्याही सॉफ्टवेअरइतकेच मोलाचे आहे.

हे निकष कळा सुरू होण्यापूर्वीच्या नोंदीसाठीच आहेत. प्रसूतीदरम्यान संगणकाचा सल्ला घेण्याची वेगळी प्रणाली ब्रिटन व आयर्लंडमध्ये सुमारे ४६,००० स्त्रियांवर तपासली गेली. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत बाळांच्या प्रकृतीत त्यामुळे सुधारणा आढळली नाही. त्यामुळे यंत्राकडे अंतिम निवाडा सोपवणे मला पटत नाही.

सकाळची तपासणी मात्र मुळीच टाळू नये. त्याआधी हालचाल पुन्हा मंदावली, पाणी गेले किंवा रक्तस्राव झाला, तर रात्र असली तरी निघावे. जांबोटी-कणकुंबीकडच्या वाचकांनी पावसाळ्यात १०८ला फोन करण्यास विलंब लावू नये.