रत्नागिरीत दिवाणी वकिली करतो, आंतरराष्ट्रीय कायदा कॉलेजनंतर उघडलेला नाही. जेसप मूट कोर्टला (कायद्याच्या विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय कायद्यावरची काल्पनिक खटल्याची स्पर्धा) स्वयंसेवी जज होता येईल का?

हो, बिनधास्त नाव द्या. त्यासाठी आंतरराष्ट्रीय कायद्याचा तज्ज्ञच लागतो असं नाही. मी हे काम करतो, म्हणून सांगतो: जजना आधी 'बेंच मेमोरँडम' मिळतो, त्यात काल्पनिक खटल्याचे मुद्दे आणि दोन्ही बाजूंचे संभाव्य युक्तिवाद मांडलेले असतात. तो नीट वाचला, जोडीला आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीचं कलम ३८ (आंतरराष्ट्रीय कायद्याचे स्रोत सांगणारं) आणि कुलभूषण जाधव प्रकरणातला २०१९ चा निकाल चाळला, की निम्मी धास्ती जाते. बाकी कुळवहिवाटीच्या दाव्यात समोरचा वकील मुद्द्यावरून सरकला की तुम्हाला लगेच कळतं ना, तेच इथे कामी येतं. संघाला एकूण ४५ मिनिटंच असतात, त्यामुळे प्रश्न आखूड ठेवा (भाषण ठोकणारे जज मुलांना नकोसे होतात, आणि त्यांचं बरोबरच आहे). प्रवास जमणार नसेल तर मेमोरियल (संघांचे लेखी युक्तिवाद) तपासायला मागून घ्या, ते घरबसल्या होतं. फक्त त्या वर्षी कुठल्या संघाची तयारी करून घेतली असेल, चिपळूणच्या भाचीची का होईना, तर आयोजकांना आधीच सांगा. आणि सुनावणीत कॉलेजचं नाव विचारू नका, संघ क्रमांकानेच ओळखले जातात.