रुपया घसरला की त्याला ‘अवमूल्यन’ म्हणायचं का?

नाही. ‘अव’ म्हणजे खाली, जसा अवनती किंवा अवरोह या शब्दांत येतो. अवमूल्यन म्हणजे किंमत खाली आणणं. आणणं, येणं नव्हे. सगळा फरक इथेच आहे. ६ जून १९६६ रोजी सरकारने डॉलरचा दर ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपये केला, ते अवमूल्यन. जुलै १९९१मध्येही दोन टप्प्यांत तेच झालं. बाजारात रुपया रोज थोडाथोडा खाली जातो, ती घसरण. बातम्यांत हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, ते मला फार खटकतं. यंत्र झिजलं म्हणून हिशेबात त्याची किंमत कमी धरतात तो घसारा, तो वेगळाच. ‘पदवीचं अवमूल्यन झालंय’ या लाक्षणिक वापरात मात्र कुणी ते ठरवून केलेलं असावं लागत नाही.