‘ते सोडा’ कसं सोडू?

लातूरहून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, कामापुरतं देते:

‘आमचे हे जिल्हा परिषदेत क्लार्क आहेत. घर स्वतःचं, पगार वेळेवर. पण आरओचं वाया जाणारं पाणी बादलीत धरायचं आणि त्यानंच फरशी पुसायची. खोलीतून उठलं की पंखा बंद. चहापत्ती दोनदा उकळायची. मोटारसायकल लग्नाच्या आधीची. मागच्या वर्षी माझ्या बाबांच्या बायपासला एफडी मोडून दोन लाख भरले आणि बाबांना विम्याचे आले म्हणून मला सांगायला लावलं, ते सोडा, पण रोजच्या जगण्यात माणसानं इतकं चिंगूस असावं का? महालक्ष्म्यांना पुण्याची धाकटी बहीण येते. सगळ्यांदेखत विचारते, “दाजी, एक पंखा लावू का, की अर्ज करावा लागेल?” सगळे हसतात. मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. ही काटकसर म्हणायची की कंजुषी?’

ताई, एवढ्या मोठ्या पत्रात मला दोनच शब्द दिसले. ‘ते सोडा.’ मी ते सोडणार नाही. बाकीचं सोडते.

एफडी मुदतीआधी मोडली की बँक ठरलेलं व्याज देत नाही. जितके दिवस पैसे राहिले तितक्या दिवसांचा दर लावते आणि त्यातूनही बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात. पंख्याचे युनिट मोजणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल? तरी त्यानं मोडली. आणि वर खोटं बोलायला लावलं. कुणासाठी? आपल्याकडचा जुना बाप लेकीच्या घरी दोन दिवस राहायलाही अवघडतो. जावयाच्या पैशावर छाती उघडलीय हे कळलं असतं तर तुमचे बाबा घरी येऊन आधी शेताचा तुकडा विकायला काढते. तुमच्या नवऱ्यानं पैसे दिले आणि ते दिल्याचं ओझंही सासऱ्याच्या डोक्यावरून उतरवलं. तुम्ही ते एका स्वल्पविरामात गुंडाळलंत!

कंजूष माणूस कसा असतो ते सांगते. दोन प्लॉट आणि भरलेलं पासबुक असणारे एक गृहस्थ मला माहीत आहेत. आई भिंत चाचपत चालायची, तरी ‘मोतीबिंदू अजून पिकला नाही’ म्हणत त्यांनी ऑपरेशन पुढं ढकललं. डॉक्टर कधीपासून करा म्हणत होते. त्यांच्या घरात पंखे मात्र दिवसभर फिरायचे. तेव्हा पंख्यावरून माणूस ओळखायला जाऊ नका.

आणि पाण्याचं तर मला सांगूच नका. लातूरच्या बाईनं आरओच्या पाण्याची तक्रार करावी? 2016 च्या मार्चमध्ये तुमच्याच शहरात पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. लोक स्टेशनवर गाडी बघायला गेले होते, नवरी बघायला जावं तसे. ते दिवस ज्यानं घागर घेऊन काढले तो बादली धरणारच. त्यात लाजायचं काय? (चहापत्ती दोनदा उकळणं मात्र बंद करा. तो चहा नव्हे, हे त्यांना माझ्या नावानं सांगा.)

तुम्ही विचारलंत, काटकसर की कंजुषी. नवऱ्याची काटकसर. कंजुषी घरात आहे, पण ती तुमची आहे. बहीण हसते तेव्हा नवऱ्याच्या बाजूनं एक वाक्य तुमच्या जिभेवर येत नाही. पदरचा एक रुपया जायचा नव्हता त्यात. बायपासच्या वेळी बहिणीनं किती दिले हे तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. पण तिच्या थट्टेपुढं तुम्ही मान खाली घालता आणि राग मग नवऱ्यावर काढता, हे पत्रावरून मला स्पष्ट दिसतं.

आता एकच करा. महालक्ष्म्यांची वाट बघू नका. आज रात्री बहिणीला फोन लावा आणि तिला सांगा की बाबांचे दोन लाख विम्याचे नव्हते, दाजींचे होते, एफडी मोडून दिलेले. एवढंच. भांडू नका, टोमणा मारू नका, ‘तू हसतेस ना’ असंही म्हणू नका. बाबांना कळता कामा नये, हे मात्र तिच्याकडून वदवून घ्या. नवऱ्यानं गप्प राहायला सांगितलं होतं ते सासऱ्याचा मान राखायला, मेहुणीनं चारचौघांत खिल्ली उडवावी म्हणून नव्हे.

आणि आधी नवऱ्याला विचारायला जाऊ नका. तो ‘कशाला उगाच’ म्हणेल आणि तुम्हाला तेवढंच निमित्त पुरेल.