कॅप्चा (चित्रातली अक्षरं) बरोबर टाकूनही महाभूलेख या सरकारी जमीन नोंदींच्या साइटवर सातबारा उघडत नाही, काय करावं?

तासगावहून विचारलंय की विभाग पुणे, जिल्हा सांगली, गाव, गट नंबर सगळं बरोबर भरलं, तरी बटण दाबल्यावर काहीच होत नाही. बहुतेक वेळा यात साइट बंद नसते. सातबारा नव्या खिडकीत उघडायचा असतो आणि क्रोम ती खिडकी पॉप-अप समजून अडवतं.

कॉम्प्युटरवर असाल तर बटण दाबल्यावर लगेच अ‍ॅड्रेस बारच्या उजव्या टोकाला बघा. तिथे लाल फुलीचं बारीकसं चिन्ह येतं, पटकन नजरेत भरत नाही. त्यावर क्लिक करून या साइटला पॉप-अपची कायमची परवानगी द्या, पान रिफ्रेश करा आणि माहिती पुन्हा भरा. अँड्रॉइड मोबाइलवर क्रोममध्ये वरचे तीन ठिपके, सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, मग पॉप-अप, आणि तिथे परवानगी द्या. मोबाइलवर ही परवानगी सगळ्याच साइट्सना लागू झाली, तर काम झाल्यावर आठवणीने बंद करा. नाहीतर जाहिराती आणि फसव्या खिडक्या पिच्छा सोडत नाहीत. घरात आई-वडील तोच फोन वापरत असतील तर हे नक्की कराच.

कॅप्चा सारखाच चुकीचा दाखवत असेल तर ब्राउझरमध्ये कुकीज (साइट फोनवर किंवा कॉम्प्युटरवर ठेवते ती छोटी माहिती) बंद नाहीत ना, हे तपासा.

आणि हो, पीककर्जासाठी हवा असेल तर हा मोफत उतारा चालत नाही, तो फक्त माहितीसाठी असतो. डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या वेगळ्या पोर्टलवर १५ रुपयांत मिळतो, तो काढा.